न विचारलेल्या प्रश्नांची व्याख्यानं

नाटक पडलं की तिकीटबारीवर कळतं. शाळेतल्या मुलांसाठी एखाद्या प्राध्यापकाने किंवा शास्त्रज्ञाने दिलेलं व्याख्यान पडलं, तर कुणालाच कळत नाही. आभारप्रदर्शन होतं, पाहुण्यांना शाल आणि तुळशीचं रोप मिळतं, ग्रुप फोटो निघतो आणि संध्याकाळी शाळेच्या फेसबुक पानावर 'विद्यार्थ्यांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला' असं येतं. मुलांनी टाळ्या वाजवलेल्या असतातच. बाईंनी तसं आधी सांगून ठेवलेलं असतं.

मी नेरूळला राहतो आणि गेली काही वर्षं अशी व्याख्यानं बरीच ऐकतो आहे. सुरुवात सहावीतल्या भाचीला पोचवण्या-आणण्यापासून झाली, पुढे माझीच सवय झाली. नवी मुंबईत कॉलेजांची कमतरता नाही. एकट्या नेरूळमध्ये इंजिनिअरिंग, मेडिकल, मॅनेजमेंट सगळं आहे. वर्षातून एखाददुसऱ्या वेळी, बहुधा २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या आगेमागे, यांतलं कुठलं तरी सभागृह शाळेच्या मुलांसाठी उघडतं. एसी जोरात, खुर्च्या मऊ, स्क्रीन मोठा. मुलं आधी खुर्च्या वरखाली करून बघतात. तो पहिला प्रयोग.

मग व्याख्यान सुरू होतं. बहुतेकांचा आराखडा एकच. पहिली दहा मिनिटं वक्ता लहानपणी किती गरीब होता, कंदिलाखाली कसा अभ्यास करायचा. मग अब्दुल कलामांचा फोटो आणि मोठी स्वप्नं बघण्याचा सल्ला. मग विषय, साठेक स्लाइड्सचा. शेवटी पाच मिनिटं 'प्रश्नोत्तरं', आणि सूत्रसंचालक सांगतो, वेळेअभावी फक्त दोनच प्रश्न घेऊ.

अशाच एका सभागृहात (नाव सांगत नाही, कारण हे कुठेही झालं असतं) विषय कृष्णविवरांचा होता. २०१९ साली प्रसिद्ध झालेलं ते नारिंगी कड्याचं चित्र पडद्यावर होतं. दोन प्रश्नांपैकी एक सातवीतल्या मुलाने विचारला : "सर, त्यात पडलं की दुखतं का?" सभागृह हसलं. सरही हसले, 'व्हेरी गुड क्वेश्चन' म्हणाले, आणि पुढचा हात दाखवला.

मला वाटतं, त्या दिवसाचं व्याख्यान तिथे सुरू व्हायला हवं होतं. कारण दुखतं की नाही, हे विवर केवढं आहे त्यावर ठरतं. ताऱ्याएवढ्या वस्तुमानाच्या छोट्या कृष्णविवरात पाय आधी गेले, तर पायांवरची ओढ डोक्यावरच्या ओढीपेक्षा इतकी जास्त असते की आत पोचण्याआधीच माणूस शेवईसारखा ताणला जाईल. पण पडद्यावर होतं ते विवर साडेसहा अब्ज सूर्यांच्या वजनाचं. त्याची सीमा केंद्रापासून इतकी लांब आहे की ती ओलांडताना पाय आणि डोकं यांच्यातला फरक जाणवणारसुद्धा नाही. म्हणजे लहान विवर दुखवतं आणि अजस्र विवर (निदान शिरताना तरी) दुखवत नाही. हे ऐकून बाराव्या वर्षी डोक्यात काय झालं असतं! आणि हीच ओढीतली तफावत वाशीच्या खाडीला भरती आणते, एवढं जोडून सांगितलं असतं तर बसमधून घरी जाताना मुलांनी पुलावरून खाली वाकून पाहिलं असतं. साठ स्लाइड्समध्ये हे कुठेच नव्हतं. कृष्णविवराचं वस्तुमान, अंतर, शोधाचं साल, नोबेल कुणाला, हे सगळं होतं. ही सगळी उत्तरं होती. त्यांचे प्रश्न सभागृहातल्या कुणालाही पडलेले नव्हते.

माझी तक्रार एवढीच आहे, आणि ती अवघडपणाबद्दलची नाही. 'मुलांना झेपेल असं बोला' हा सल्ला वक्त्यांना सर्रास दिला जातो. तो मला निरुपयोगी वाटतो. मुलांना बरंच झेपतं. त्यांना न झेपणारी गोष्ट म्हणजे प्रश्नाशिवाय आलेलं उत्तर. आणि ती मोठ्यांनाही झेपत नाही, फक्त आपण तेवढ्यात मोबाईल काढतो.

आपल्याकडे याचा पक्का अंदाज असलेला माणूस होऊन गेला. जयंत नारळीकरांकडे मुलं सही मागायला यायची, तेव्हा ते लगेच सही देत नसत. पोस्टकार्डावर विज्ञानातला एखादा प्रश्न लिहून पाठव, मी उत्तर देईन आणि त्याखाली सही करीन, असं सांगत. आजवर ही गोष्ट त्यांच्या साधेपणाचा किस्सा म्हणून सांगितली जाते. मे २०२५ मध्ये ते गेले, तेव्हाही ती व्हॉट्सअॅपवर फिरली. पण तिच्याकडे पद्धत म्हणून पाहिलं पाहिजे. सहीची किंमत एक प्रश्न, असा तो व्यवहार आहे. त्यासाठी मुलाला घरी जाऊन बसावं लागतं, आपल्याला नक्की काय कळत नाही ते शोधावं लागतं, आणि पोस्टकार्डाच्या जागेत बसेल इतकं ते नेमकं करावं लागतं. व्याख्यानाचं अर्धं काम तिथेच झालं.

नारळीकरांनी पुण्यात उभ्या केलेल्या आयुकामध्ये दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी शाळेच्या मुलांसाठी व्याख्यानं होऊ लागली, ती याच वृत्तीतून. एकच विषय इंग्रजीत आणि मराठी किंवा हिंदीत, अशा वेगवेगळ्या सत्रांत. त्याच्या जोडीला उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांनी एखाद्या शास्त्रज्ञाबरोबर आठवडाभर काम करायचं, ठरलेला अभ्यासक्रम नाही, परीक्षा नाही. मला यातली वेगवेगळ्या सत्रांची गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची वाटते. मराठी सत्र म्हणजे इंग्रजी सत्राच्या शेवटी दहा मिनिटांचा सारांश नव्हे. त्या भाषेतल्या मुलाने त्याच भाषेत आडवा प्रश्न विचारावा, यासाठी पूर्ण वेळ दिलेला असतो. (जाता जाता : नारळीकरांनी आपली पहिली मराठी विज्ञानकथा १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पाठवली ती 'नारायण विनायक जगताप' या नावाने. आपलं नाव पाहून परीक्षकांनी बक्षीस देऊ नये म्हणून. बक्षीस मिळालं. कथेचं नाव 'कृष्णविवर'.)

या प्रकाराचा मूळपुरुष शोधायला गेलो तर लंडनला पोचतो. रॉयल इन्स्टिट्यूशनची ख्रिसमस लेक्चर्स १८२५ साली सुरू झाली. मायकेल फॅरडेने त्यांतल्या एकोणीस मालिका स्वतः दिल्या. १८६०-६१च्या ख्रिसमसच्या सुट्टीत, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, त्याने मेणबत्तीवर सहा व्याख्यानं दिली. विल्यम क्रुक्सने ती १८६१ मध्ये पुस्तकरूपात आणली. पुस्तक इंटरनेटवर फुकट मिळतं. जरूर वाचा. पण विज्ञानाचं पुस्तक म्हणून वाचू नका, एक माणूस मुलांसमोर कसा उभा राहतो हे बघायला वाचा.

पहिली गोष्ट : सहा व्याख्यानं आणि वस्तू एक. फॅरडेकडे सांगण्यासारखं कमी नव्हतं. डायनामो, विद्युत-अपघटन, बेंझिन हे सगळं त्याचं स्वतःचं काम. तरी तो मेणबत्ती घेतो, आणि विचारतो, मेण खाली आहे आणि ज्योत वर, मग मेण वर चढतं कसं? उत्तर लगेच सांगत नाही. मिठाचा एक खांब ताटलीत उभा करतो, ताटलीत निळं रंगवलेलं द्रावण ओततो, आणि निळा रंग खांबातून वर सरकताना मुलं पाहतात. मग म्हणतो, वातीत हेच होतं. पुढे एक वाकडी काचेची नळी ज्योतीच्या मध्यभागी धरतो. आतली वाफ नळीतून बाहेर येते, आणि तो ती दुसऱ्या टोकाला पेटवून दाखवतो. म्हणजे जळतं ते मेण नव्हे, मेणाची वाफ. ज्योत आतून पोकळ असते. इथवर येऊन बहुतेक वक्ते थांबले असते, टाळ्या घेतल्या असत्या. फॅरडे पुढचा प्रश्न विचारतो : मेणबत्ती संपते, तर ती जाते कुठे? ज्योतीवर थंड भांडं धरतो. त्यावर पाणी जमतं. आगीतून पाणी! ते खरंच पाणी आहे का, हेही तपासून दाखवतो. तिथून हायड्रोजन, ऑक्सिजन, चुन्याच्या निवळीला पांढरं करणारा वायू, आणि सहाव्या व्याख्यानात आपला श्वास, जो त्याच निवळीला तसंच पांढरं करतो. मेणबत्ती आणि मूल एकाच रीतीने हवा वापरतात, इथे तो मुलांना आणून सोडतो. प्रत्येक उत्तराला पुढचा प्रश्न लटकलेला असतो. त्यामुळे सहावं व्याख्यान पहिल्याइतकंच ताजं वाटतं.

दुसरी गोष्ट मला जास्त भावते. फॅरडे लोहाराचा मुलगा. शाळा जेमतेम झालेली, बुकबाइंडरकडे उमेदवारी केलेली. १८१२ मध्ये हम्फ्री डेव्हीची व्याख्यानं ऐकून त्याने टिपणं काढली, स्वतः बांधून डेव्हीला पाठवली, आणि पुढच्या वर्षी त्याच संस्थेत मदतनीस म्हणून लागला. आपल्याकडच्या प्रेरणादायी वक्त्याला याहून चांगला ऐवज मिळणार नाही. कंदील, गरिबी, जिद्द, सगळं तयार. मेणबत्तीच्या सहा व्याख्यानांत यातलं काहीही नाही. मुलांच्या आणि मेणबत्तीच्या मध्ये तो स्वतः उभा राहत नाही. उलट सुरुवातीलाच तो म्हणतो, मुलांशी बोलताना मी मुलांमधलाच एक होऊन बोलणार. शेवटी मात्र त्यालाही राहवत नाही. तुम्हीही मेणबत्तीसारखे व्हा, आजूबाजूला उजेड द्या, अशा अर्थाचं काहीतरी तो म्हणतोच. माझ्या मते ती त्या सहा व्याख्यानांतली सर्वांत कमकुवत जागा. पण सहा तासांत एकदाच, हे प्रमाण मी आनंदाने मान्य करीन.

फॅरडेचं कौतुक करताना एक गोष्ट झाकू नये. त्याच्या समोर कोण बसलं होतं? १८५५च्या एका व्याख्यानाचं प्रसिद्ध चित्र आहे. त्यात पहिल्या रांगेत राणी व्हिक्टोरियाचा नवरा आणि मुलं आहेत. लोहाराच्या मुलाने राजपुत्रांना शिकवलं हे छानच, पण लोहारांची मुलं त्या दिवशी कुठे होती, हा प्रश्न उरतो. १९६६ पासून ही व्याख्यानं दरवर्षी टीव्हीवर येऊ लागली तेव्हा कुठे दार थोडं रुंदावलं.

हा दाराचा प्रश्न नेरूळमध्ये आहे तसाच आहे. एसी सभागृहांत दिसतात ती मुलं बहुतेक इंग्रजी माध्यमाच्या खासगी शाळांतली. सोबत पालक, आणि पालकांचा एकमेव प्रश्न : सर्टिफिकेट मिळणार ना? महापालिकेच्या शाळेतली मुलं आलीच तर मागच्या रांगांत असतात, आणि वक्ता इंग्रजीत सुरुवात करून मध्येच त्यांच्याकडे बघून म्हणतो, "ह्याला मराठीत काय म्हणतात बरं?" सगळे हसतात. कधी याच्या उलट होतं. वक्ता मराठीचा अभिमान घेऊन येतो आणि 'केशाकर्षण', 'अपस्करण', 'प्रारण' यांचा मारा करतो. दोन्हींचा परिणाम एकच. मागच्या रांगेतलं मूल असं समजतं की आपल्याला विज्ञान कळत नाही. कळत नाही ती भाषा. वातीतून तेल चढतं हे समईसमोर बसलेल्या कुठल्याही मुलाला दिसतं, पण तेच केशाकर्षण, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

हा फरक शोधणारी संस्था आपल्या शेजारीच आहे. नेरूळहून हार्बर लाईनने जुईनगर, सानपाडा, वाशी आणि खाडी ओलांडली की मानखुर्द. तिथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं, १९७४ साली सुरू झालेलं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. आज ते ऑलिम्पियाडमुळे माहीत असतं. पण त्याच्या सुरुवातीच्या वर्षांत वि. गो. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जळगाव जिल्ह्यातल्या खिरोद्याच्या शाळांत आणि नंतर मुंबई महापालिकेच्या शाळांतल्या दलित मुलांबरोबर जे काम केलं, ते मला ऑलिम्पियाडच्या पदकांहून मोठं वाटतं. आशय तोच ठेवून पुस्तकाची भाषा सोपी केली की मुलांना जास्त कळतं, हे त्यांनी दाखवलं. हे साधं वाटेल, पण त्याचा अर्थ असा की आपण ज्याला बुद्धीची मर्यादा समजत होतो, त्यातला मोठा भाग लिहिणाऱ्याची आणि बोलणाऱ्याची मर्यादा होती. मुलांसमोर उभं राहण्याआधी प्रत्येक वक्त्याला हे ठाऊक असायला हवं.

याच टाटा संस्थेची माणसं २००९ पासून 'चाय अँड व्हाय?' चालवतात. जुहूच्या पृथ्वी थिएटरमध्ये आणि माटुंग्याच्या रुपारेल कॉलेजात, रविवारी. प्रवेश मोफत, मध्येच प्रश्न विचारायची मुभा. नावातच 'का' आहे. ती व्याख्यानं फक्त मुलांसाठी नाहीत, पण मुलं तिथे पुढे बसतात आणि सर्वांत जास्त बोलतात. तिथेही भाषेची अडचण सगळी सुटलेली नाही, आणि नेरूळहून रविवारी सकाळी मेगाब्लॉक झेलत जुहूला जाणं हा वेगळाच प्रयोग आहे. तरी शाल आणि रोपाशिवाय व्याख्यान होऊ शकतं, एवढं तरी तिथे दिसतं.

आता एक गोष्ट राहते, आणि ती मला सर्वांत जास्त खुपते. आपल्याकडे मुलांसाठी विद्यापीठीय व्याख्यान म्हटलं की ते विज्ञानाचंच असतं. जणू विद्यापीठात इतिहास, अर्थशास्त्र, कायदा, समाजशास्त्र शिकवतच नाहीत. मोठ्यांसाठी विद्यापीठांची बहिःशाल व्याख्यानं असतात, त्यांत इतिहास-साहित्य येतं. मुलांसाठी मात्र रॉकेट, रोबोट आणि कृष्णविवर.

जर्मनीतल्या ट्युबिंगेन गावात २००२ साली तिथल्या विद्यापीठाने आणि स्थानिक वर्तमानपत्राच्या दोन पत्रकारांनी आठ ते बारा वर्षांच्या मुलांसाठी 'किंडर-उनी', म्हणजे मुलांचं विद्यापीठ, सुरू केलं. ती कल्पना पुढे युरोपभर पसरली. प्रत्येक व्याख्यानाचं शीर्षक म्हणजे एक 'का'. ज्वालामुखी आग का ओकतात? डायनोसॉर का संपले? इथपर्यंत ठीक. पण पुढे बघा : काही माणसं गरीब आणि काही श्रीमंत का असतात? मुसलमान सतरंजीवर नमाज का पढतात? माणसं मरतात का? शाळा कंटाळवाणी का असते? एका प्राध्यापकाने आठ वर्षांच्या मुलांसमोर उभं राहून गरिबी-श्रीमंतीवर बोलायचं! आपल्याकडे हे शीर्षक फळ्यावर लिहिलं तर आधी शाळेचे विश्वस्त विचारतील, वक्ता कुठल्या पक्षाचा.

पण मुलांना हे प्रश्न पडतातच. नेरूळच्या मुलांना पडणारे प्रश्न मी ऐकलेले आहेत. पहिला : फ्लेमिंगो गुलाबी का असतात, आणि आपल्याच इथे का येतात? याचं पहिलं अर्धं उत्तर कुणीही देईल. पिल्लं करडी असतात, खाण्यातल्या शेवाळातून आणि बारीक जीवांतून रंग येतो. दुसरं अर्धं उत्तर देताना मात्र भरती, चिखल, खाडीत जाणारं आपलं सांडपाणी, त्यावर वाढणारं शेवाळ हे सगळं येतं. आणि मग २०२४चा एप्रिलही येतो, जेव्हा नेरूळच्या डीपीएस तलावापाशी फ्लेमिंगो मेल्याच्या बातम्या आल्या आणि भरतीचं पाणी आत यायची वाट बंद झाल्यामुळे तलाव सुकला, असं पर्यावरणासाठी काम करणारे लोक सांगत होते. वाट का बंद झाली, असं मूल विचारणारच. तिथे जीवशास्त्राचा प्राध्यापक घड्याळाकडे बघेल.

दुसरा प्रश्न भाचीच्या वर्गातल्या एका मुलीचा. नेरूळमध्ये काही जागांना सेक्टरचा नंबर आहे आणि काही जागांना गावाचं नाव, असं का? करावे, सारसोळे, दारावे, शिरवणे, कुकशेत. सेक्टरमधले रस्ते सरळ आणि गावातल्या गल्ल्या वाकड्या का? यावर व्याख्यान द्यायचं तर १९७० साली सिडको स्थापन झाली तिथून सुरुवात करावी लागेल. पंच्याण्णव गावांच्या जमिनी, त्यांवर भात आणि मीठ पिकवणारी आगरी माणसं, खाडीत मासे धरणारे कोळी. मग १९८४च्या जानेवारीतलं दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालचं आंदोलन, उरण भागातला गोळीबार, त्यात गेलेले पाच शेतकरी. त्यानंतर आलेली साडेबारा टक्के विकसित जमिनीची योजना. यात भूगोल आहे, कायदा आहे, टक्केवारीचं गणित तर आहेच. एक एकर गेला आणि साडेबारा टक्के परत मिळाला, तर घरात चार भाऊ असताना प्रत्येकाला किती, हे गणित सातवीच्या मुलाला येतं. फॅरडे असता तर त्याने फक्त नेरूळचा नकाशा टांगला असता आणि बोटाने वाकडी गल्ली दाखवून विचारलं असतं, ही अशी का?

हे व्याख्यान देऊ शकतील अशी माणसं इथल्या कॉलेजांत आहेत. काही तर त्याच गावांत वाढलेली आहेत. त्यांना कुणी बोलावत नाही, कारण विज्ञान दिन असतो पण जमीन दिन नसतो. आणि समोरच्या मऊ खुर्च्यांत सेक्टरमधली आणि गावातली, दोन्हीकडची मुलं बसलेली असतील, हे आयोजकांना अवघड वाटतं. मला विचाराल तर दोन्हीकडची मुलं एकत्र बसलेली असणं, हेच त्या सभागृहातलं सर्वांत महागडं उपकरण आहे, आणि ते आपण अजून एकदाही सुरू करून पाहिलेलं नाही.

त्या मुलीला मी पोस्टकार्ड आणून दिलं. वाशीच्या पोस्टात मिळालं, पन्नास पैशांना. प्रश्न तिने तीन ओळींत बसवला आहे. पत्ता कुणाचा लिहायचा, एवढंच ती आता विचारते आहे.